इंदूरचा सराफा: रात्री कधी जायचं, काय खायचं, किती खायचं

नमस्कार मंडळी,

मुंबई, पुणे, नाशिक, जळगाव, कुठूनही येणाऱ्या आमच्या कस्टमरचा प्लॅन साधारण सारखाच असतो. उज्जैनला महाकाल, मग ओंकारेश्वर, जमलं तर महेश्वर आणि मधल्या एखाद्या रात्री इंदूरचा सराफा. गाडी आणि राहायची सोय आम्ही बघतोच, पण सराफ्याबद्दल फोनवर इतके प्रश्न येतात (जेवून जायचं का, लहान मुलं नेली तर चालेल का, आईचा उपवास आहे तिला काय मिळेल) की शेवटी सगळं एकदा नीट लिहून काढलं. हे गाडीत बसल्यावर वाचलंत तरी चालेल, पण खरं म्हणजे बुकिंग करतानाच वाचा, कारण पहिला मुद्दा तारखेचाच आहे.

भस्म आरती आणि सराफा एकाच रात्री नको

उज्जैनची भस्म आरती पहाटे ४ ला असते आणि त्यासाठी मंदिराबाहेर बरंच आधी जाऊन उभं राहावं लागतं. इंदूर ते उज्जैन साधारण ५५ किलोमीटर, म्हणजे मध्यरात्रीच निघायचं. सराफा मात्र खऱ्या अर्थाने भरतो तो साडेनऊ-दहानंतर. दोन्ही एकाच रात्री बसवलं की ना धड खाणं होतं ना धड दर्शन, आणि रबडी-मालपुवा खाऊन लगेच गाडीत बसलेली मुलं वाटेत उलट्या करतात ते वेगळंच. त्यामुळे आमचा आग्रह असतो की पहिली रात्र सराफ्याची ठेवा. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसने किंवा पुण्याच्या गाडीने आलात की हॉटेलवर आराम करा, संध्याकाळी राजवाडा बघा, रात्री सराफा करा आणि दुसऱ्या दिवशी थोडं उशिरा उठून निवांत ओंकारेश्वरला निघा. उज्जैन शेवटी ठेवा आणि तिथेच मुक्काम करा.

शनिवार-रविवार शक्यतो टाळा. गर्दी इतकी असते की कुणाचा हात सुटला तर शोधायला फोनच लागतो. आणि रंगपंचमीच्या आसपास येणार असाल तर आधी आमच्याशी बोला, त्या दिवशी इंदूरची गेर (रंग उडवत जाणारी मोठी मिरवणूक) निघते, राजवाड्याचा सगळा भाग रंगाने आणि माणसांनी भरलेला असतो, बघण्यासारखा सोहळा आहे पण गाडी त्या भागात फिरकूही शकत नाही.

सराफा म्हणजे काय ते आधी समजून घ्या

नावाप्रमाणे हा सोन्या-चांदीचा बाजार आहे, राजवाड्याच्या मागच्या अंगाला, चालत काही मिनिटांवर. दिवसा इथे खरोखरच दागिन्यांची दुकानं चालतात. संध्याकाळ सरली की सराफ शटर ओढतात आणि त्याच दुकानांच्या पुढ्यात, ओट्यांवर, खाण्याचे ठेले लागायला सुरुवात होते ते मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. जुने लोक सांगतात की रात्री माणसांची वर्दळ राहिली तर दुकानांची आपोआप राखण होते, म्हणून सराफांनीही हे चालू दिलं. म्हणजे दुपारी तुम्ही इथे गेलात तर ‘अहो इथे तर काहीच नाही’ असं वाटेल, तसे फोन आम्हाला येतात.

काही वर्षांपासून गर्दी आणि गॅस सिलिंडर यावरून सराफ व्यापारी आणि ठेलेवाले यांच्यात वाद होत आलेत. मधल्या काळात चायनीज, मोमोज, पिझ्झा असले ठेले फार वाढले होते, आता पारंपरिक पदार्थांनाच जागा असावी असा जोर आहे आणि आम्हाला ते मनापासून पटतं. मोमोज तुमच्या गावातही मिळतात हो, गराडू नाही मिळत. फक्त यामुळे ठेल्यांच्या जागा आणि वेळा बदलू शकतात, तेव्हा जायच्या दिवशी दुपारी आम्हाला एक फोन करा, काय परिस्थिती आहे ते सांगतो.

आणखी एक, सराफा पूर्ण शाकाहारी आहे. त्यामुळे घरातले कडक शाकाहारी, वारकरी मंडळी बिनधास्त येऊ शकतात.

काय खायचं

इथे थांबून सावकाश वाचा, कारण बहुतेक जणांची चूक इथेच होते. गल्लीत शिरल्या शिरल्या पहिल्या दोन ठेल्यांवर पोट भरतात आणि जे खायला आलो ते राहूनच जातं. रात्रीचं जेवण करून तर अजिबात जाऊ नका, संध्याकाळी चहाबरोबर थोडं काहीतरी खा, बस. आणि प्रत्येकाला एकेक प्लेट घेऊ नका. चार माणसांत एक प्लेट, सोबत रिकामे दोणे मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. ‘भिया, दो खाली दोने देना’ एवढं म्हटलं तरी काम होतं, इथे सगळे एकमेकांना भियाच म्हणतात.

सुरुवात करा भुट्टे का कीस पासून. कोवळी मक्याची कणसं किसून तो कीस तुपावर मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची घालून परततात आणि दूध घालून मंद आचेवर शिजवतात, वर लिंबू, कोथिंबीर, खोबरं. मऊ, किंचित गोडसर आणि मिरचीचा मागून येणारा तिखटपणा. लहान मुलांनाही आवडतो, दात नसलेल्या आजोबांनाही चालतो, आणि रिकाम्या पोटी हाच सगळ्यात बरा. पावसाळ्यात नवीन मका येतो तेव्हा त्याची चव काही वेगळीच असते, तुम्ही श्रावणात महाकालच्या दर्शनाला येत असाल तर हा चुकवूच नका.

गराडू फक्त थंडीत. कंदाचा प्रकार आहे, आपल्याकडच्या कोनफळाचा भाऊबंद म्हणा. त्याचे तुकडे तळून ठेवतात, तुम्ही मागितले की पुन्हा तळतात म्हणजे वरून कुरकुरीत आणि आत मऊ, मग त्यावर खास गराडूचा मसाला आणि भरपूर लिंबू. गरमच खायचा, गार झाला की मजा गेली. उन्हाळ्यात कुणी गराडू द्यायला लागला तर आम्ही तरी घेणार नाही.

जोशींचा दहीबडा तुम्ही व्हिडिओत बघितलाच असेल, दह्याने भरलेला दोणा हवेत उडवतात आणि थेंबही न सांडता झेलतात, मग एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकेक करून सोडतात. लोक व्हिडिओ काढायला गर्दी करतात पण वडा खरंच चांगला असतो, नीट भिजलेला, दही घट्ट आणि गोडाकडे झुकणारं. व्हिडिओ एकाने काढा, बाकीच्यांनी खाऊन घ्या.

खोपरा पॅटिससाठी विजय चाट हाऊस. बटाट्याच्या आवरणात ओल्या खोबऱ्याचं सारण, तळलेला गोळा, सोबत चटण्या. कोकणातल्या माणसांना खोबऱ्याचं कौतुक काय सांगायचं, पण त्यांनाही हा प्रकार आवडलेला आम्ही बघितलाय.

साबुदाण्याची खिचडी इथे आपल्यासारखी नसते बरं का. आपण दाण्याचं कूट आणि जिरं घालून तुपावर परततो, इथे साबुदाणा वाफेवर मोकळा शिजवून ठेवतात आणि मागितल्यावर त्यात मसाला, मिरची, लिंबू, वरून कुरकुरीत मिक्स्चर घालून कालवून देतात. छान लागते, पण उपवास असेल तर आधी सांगा आणि वर काय काय टाकतायत ते डोळ्यांनी बघा. मसाला आणि शेव उपवासाला चालणारी असेलच असं नाही, आणि ज्यांचा उपवास कडक असतो त्यांचा मूड एका चमच्याने जातो. अशा वेळी साधी मागा, देतात.

गोड सगळ्यात शेवटी. जलेबा म्हणजे जिलबीचं मोठं रूप, एकच जवळपास पाव किलोचा, चार-पाच माणसांना एक पुरतो, वर रबडी घालून घेतलात तर सहाला. मालपुवा आहे, मावा बाटी आहे (खव्याची, आत सुक्या मेव्याचं सारण, पाकात मुरलेली, एक खाल्ली की पुढे काही खाववत नाही म्हणून वाटून खा), थंडीत मुगाच्या डाळीचा आणि गाजराचा हलवा मोठमोठ्या कढयांत असतो. सगळं चाखायचा हट्ट धरू नका. आम्हाला विचाराल तर एक जलेबा आणि एक मावा बाटी मिळून सगळ्या घराला पुरे.

प्यायला शिकंजी. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना वाटतं लिंबू सरबत मिळेल आणि हातात येतो दुधाचा घट्ट, केशर-वेलचीचा, सुका मेवा घातलेला ग्लास. इंदूरची शिकंजी दुधाचीच. बडा सराफ्यात नागोरीची शिकंजी जुनी आणि नावाजलेली आहे, पण ती रात्रीच्या भरवशावर ठेवू नका, दिवसा राजवाडा बघायला जाल तेव्हाच पिऊन घ्या. एक ग्लास दोघांत.

कुल्फी-फालुदा आणि पान याबद्दल फार लिहीत नाही, मिळतंच. आगीचं पान मात्र लहान मुलांना आणि दाढीवाल्या काकांना देऊ नका एवढं आवर्जून सांगतो.

छप्पन दुकान कधी

ज्यांना रात्रीचं जागरण झेपत नाही, गुडघे दुखतात, किंवा बरोबर तान्हं बाळ आहे, त्यांना आम्ही सरळ छप्पनला पाठवतो. न्यू पलासियात आहे, ५६ दुकानांची ओळ म्हणून छप्पन दुकान, २०२० मध्ये ती सगळी गल्ली नव्याने बांधून काढली, गाड्या आत येत नाहीत, बसायला जागा आहे. सकाळी नाश्त्यालाही जाता येतं. पोहे-जिलबी खा, इथले पोहे वाफेवर गरम ठेवतात, बडीशेप घातलेले, जरा गोडसर, कांदा फोडणीत न घालता वरून कच्चा, आणि शेव आणि जीरावन (इंदूरचा कोरडा चटपटीत मसाला) भुरभुरवलेलं. आपले कांदेपोहे मनात ठेवून खाऊ नका, वेगळा पदार्थ म्हणून खा, मग आवडतात. विजय चाटची शाखा इथेही आहे, आणि जॉनी हॉट डॉग इथलाच. त्याचा हॉट डॉग लांबट नसतो, गोल पावात टिक्की घालून तव्यावर भाजलेला असतो. तिथे अंड्याचा बेंजो (ऑम्लेट घातलेला पाव) आणि मटणाचा हॉट डॉगही मिळतो, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी ऑर्डर देताना स्पष्ट सांगावं.

पण ज्यांना झेपतं त्यांनी सराफाच करावा असं आमचं मत आहे. छप्पन सोयीचं आहे, सराफ्यात इंदूर दिसतं. शब-ए-मालवा म्हणतात ना, माळव्याची रात्र, ती उगाच नाही म्हणत. मे महिन्यातही रात्री इथे वारा सुटतो, आणि त्या वाऱ्यात घरातली चार पिढ्यांची माणसं एका दोण्याभोवती उभी राहून खाताना दिसतात. मराठीही कानावर पडेल, होळकरांच्या काळापासून इथे स्थायिक झालेली कितीतरी मराठी घरं आहेत, तुम्ही आपसात मराठीत बोलत असाल तर शेजारचा माणूस ‘कुठून आलात’ असं विचारेल, तेव्हा दचकू नका, गप्पा मारा.

काही बारीकसारीक

गाडी गल्लीत जात नाही. ड्रायव्हर तुम्हाला राजवाड्याजवळ सोडेल आणि तिथूनच घेईल, उतरताना त्याचा नंबर सेव्ह केलाय ना ते बघा, गर्दीत नेटवर्क कधी कधी दगा देतं, म्हणून परत भेटायची वेळही आधीच ठरवून ठेवा. सपाट चप्पल घाला, रस्त्यावर तेल-पाणी सांडलेलं असतं. बसायला जागा जवळपास नाही, आजी-आजोबा बरोबर असतील तर पाऊण तासात परत या असा बेत ठेवा किंवा एखादी फोल्डिंग खुर्ची आमच्या गाडीत असते ती मागून घ्या. फोन स्कॅन करून पैसे सगळीकडे घेतात, तरी थोडी सुटी कॅश असू द्या. पाणी बाटलीबंदच प्या, पोटाचं औषध लागत असेल तर हॉटेलवर ठेवू नका, खिशात ठेवा.

कचरा मात्र डब्यातच. २०१७ पासून इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं येत आलंय आणि इथल्या माणसांना त्याचा खरा अभिमान आहे, दोणा खाली टाकलात तर महापालिकेचा माणूस येण्याआधी शेजारी उभा असलेला गिऱ्हाईकच टोकेल. रात्री ठेले उठले की सगळा रस्ता झाडून निघतो, सकाळी सराफ दुकानं उघडतात तेव्हा रात्री इथे काय चाललं होतं याचा पत्ता लागत नाही.

घरी न्यायला जीरावन घ्या, पाव किलोचं पाकीट पुष्कळ दिवस जातं, पोह्यांवर, काकडीवर, ताकातही चालतं. शेव घेताना लवंगाची आणि लसणाची थोडी थोडी चाखून मग घ्या. मावा बाटी ट्रेनने नेऊ नका, उन्हाळ्यात तर नकोच.

रात्री साडेअकरानंतर परत यायचं असेल तर ड्रायव्हरचा नाइट चार्ज लागतो, तो बिलात वेगळा दाखवतो, आधी विचारून घ्या. आणि सराफ्याची रात्र प्लॅनमध्ये हवी असेल तर बुकिंगच्या वेळी सांगा, म्हणजे दुसऱ्या दिवशीची गाडी सकाळी ६ ऐवजी ९ ला लावतो.