परसातल्या तळ्यात मासे सगळ्यात शेवटी

नव्या तळ्यात पाणी भरलं की त्याच संध्याकाळी मासे आणून सोडावेसे वाटतात, आणि बहुतेक जण सोडतातही. पाणी नितळ, तळाचा दगडन् दगड दिसतो, मासे मजेत फिरतात. आठवड्याभरात ते खाणं सोडतात, वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि एकेक जण पोट वर करून तरंगतो. पाणी अजूनही तितकंच नितळ असतं. मग खापर फुटतं ते मासे विकणाऱ्यावर. त्या बिचाऱ्याचा सहसा काही दोष नसतो.

मासा शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. त्याला रंग नाही, म्हणून तो दिसत नाही. जुन्या तळ्यात तो साचत नाही, कारण दगडांवर, मुळांवर, गाळात बसलेले जीवाणू त्यावर जगतात. अमोनियाचं नायट्राइट होतं, नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट पाणवनस्पती शोषून घेतात. हे जीवाणू सर्गेई विनोग्रादस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे काढून दाखवले. दोन टप्प्यांना दोन वेगळे जीवाणू लागतात, असं त्यानंतर शतकभराहून अधिक काळ मानलं जात होतं. २०१५ मध्ये नायट्रोस्पायरा या गटातले काही जीवाणू दोन्ही कामं एकट्याने उरकताना सापडले.

मात्र ही मंडळी सावकाश वाढतात. दूध नासवणारे जीवाणू तासाभरात कित्येक पटींनी वाढतात. यांना एकदा दुप्पट व्हायलाच कित्येक तास लागतात, थंडीत त्याहूनही जास्त. म्हणून तळं ‘पिकायला’ चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. या काळात मासे न सोडता रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं. ते कुजून अमोनिया होतो आणि जीवाणूंचं जेवण सुरू होतं. पाणी तपासायच्या संचाने पाहिलं तर आधी अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट चढून उतरतं. मधला नायट्राइटचा टप्पाही वाईटच. ते रक्तातल्या ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त चॉकलेटी होतं आणि पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो.

अमोनिया किती घातक, हे पाण्याच्या सामूवर (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी याच्या मापावर) ठरतं. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो; सामू ८ ला सुमारे ५ टक्के, ९ ला ३५ टक्क्यांच्या वर. सिमेंटचं नवं तळं म्हणूनच धोक्याचं. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरत राहतो आणि सामू चढवतो. पाणी भरून ठेवायचं, ओतून द्यायचं, पुन्हा भरायचं, असं सामू स्थिर होईपर्यंत करावं लागतं. त्यापेक्षा रबरी किंवा प्लास्टिकचं अस्तर मला सोपं वाटतं.

अस्तराचं माप काढताना लोक उगाच गोंधळतात. लांबी आणि रुंदी दोन्हींत दुप्पट खोली मिळवायची, वर दोन्ही काठांसाठी ३०-३० सेंटिमीटर. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर खोल खड्ड्याला ५.१ बाय ४.१ मीटर अस्तर लागेल. आत झाडांसाठी पायऱ्या केल्या तरी हिशेब तोच, कारण पायरी उतरताना आडवं आणि उभं मिळून अंतर तितकंच भरतं. खणण्याआधी काठावर सगळीकडे पाणसळ लावून पाहा. पाणी आपली पातळी सोडत नाही. एक बाजू चार बोटं खाली असेल तर समोरच्या बाजूचं अस्तर कायम उघडं दिसेल. काठ जमिनीपेक्षा थोडा उंच हवा, नाहीतर पहिल्याच पावसात अंगणातली माती आणि खत आत येईल.

खोली का महत्त्वाची? उथळ पाणी दुपारी लवकर तापतं, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. १० अंशांना लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. लिटरभर हवेत तो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे मासा मुळातच विरळ हवेत जगतो म्हणायचं. गोल्डफिशला ६० ते ७५ सेंटिमीटर पुरे, कोई या मोठ्या रंगीत माशांना मीटरभर तरी हवं. जागा निवडताना दुपारची थोडी सावली बघा, पण थेट झाडाखाली नको. पडलेली पानं कुजताना ऑक्सिजन खातात.

वनस्पती ऑक्सिजन देतात हे खरं, पण दिवसा. रात्री त्याही श्वसन करतात, म्हणून पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो पहाटे. मासे पहाटेच मेलेले का आढळतात, याचं एक उत्तर इथे आहे. वीज वाचवायला रात्री पंप बंद करणं म्हणजे नेमकी चुकीची वेळ निवडणं. पंप तासा-दोन तासांत तळ्याचं सगळं पाणी एकदा फिरवेल एवढा असला की झालं. त्याच्या जोडणीला विजेची गळती होताच वीज तोडणारं ब्रेकर मात्र हवंच.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पाणी खेळतं ठेवलं तर दोन-एक दिवसांत उडून जातं. क्लोरामीन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते तसं जात नाही, त्याला सोडियम थायोसल्फेटसारखं औषध टाकावं लागतं. त्यातून अमोनिया सुटतो, तो जीवाणूंनी खायचा.

आणि ज्याने वर्षभर सगळं नीट सांभाळलं, तोही एका रविवारी हमखास चुकतो. फिल्टरचा स्पंज काळाकुट्ट झालेला दिसतो, म्हणून तो नळाखाली धरून पांढराशुभ्र धुतो. त्या काळ्या थरातच अमोनिया खाणारे राहत होते. आठवड्याभरात मासे पुन्हा वर येऊन तोंडं उघडतात. स्पंज तळ्यातल्याच बादलीभर पाण्यात दोनदा पिळायचा आणि मळकटच परत बसवायचा.