ज्युरी ड्युटीचं समन्स आलंय? कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

खटल्यात दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात, म्हणजे ज्युरीत, बसायचं बोलावणं घेऊन काउंटीच्या सुपिरियर कोर्टाचं पाकीट टपालात दिसलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "यातून सुटायचं कसं?" परवा शेजारच्या काकूंनी तेच विचारलं. समन्स आठवडाभर फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून ठेवलं होतं आणि फॉर्मचा एकही रकाना भरलेला नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक जुनी गोष्ट. १९०८ साली मुंबईत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. लेख 'केसरी'तले, म्हणजे मराठी. ज्युरीत ७ युरोपियन आणि २ पारशी. लेखांचं इंग्रजी भाषांतर ज्युरीपुढे ठेवलं गेलं आणि ते चुकीचं आहे हे पटवून देण्यात टिळकांना बराच वेळ घालवावा लागला. ७ विरुद्ध २ मतांनी ते दोषी ठरले आणि ६ वर्षांची शिक्षा झाली. ज्या समाजात ते लेख वाचले जात होते, त्या समाजातलं ज्युरीत कोण होतं? हा प्रश्न मला अजून छळतो.

अमेरिकेत नियम असा आहे की ज्युरीसाठी ज्या यादीतून नावं निघतात, ती यादी त्या भागातल्या सगळ्या समाजाचं प्रतिनिधित्व करणारी हवी. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ आणि १९७९ च्या निकालांत हे स्पष्ट केलं. एक गैरसमज मात्र काढून टाका: प्रत्यक्ष बसणाऱ्या १२ जणांत प्रत्येक समाजाचा माणूस असलाच पाहिजे, असा हक्क कुणालाच नाही. हक्क आहे तो यादी प्रामाणिक असण्याचा. आपण समन्सला उत्तरच दिलं नाही, तर कितीही चांगल्या यादीतून आपलं माणूस कोर्टापर्यंत पोहोचत नाही.

नाव येतं कुठून?

मतदार यादी आणि डीएमव्हीची (वाहन परवाना खात्याची) लायसन्स-आयडीची यादी, हे जुने स्रोत. भाड्याच्या घरात राहणारे, मतदार नोंदणी न केलेले लोक त्यांतून निसटत, म्हणून २०२० मध्ये झालेल्या कायद्याने राज्याचा आयकर भरणाऱ्यांची यादीही त्यात आणली. घर बदललं की डीएमव्हीला १० दिवसांत पत्ता कळवायचा असतो. ते राहून गेलं तर समन्स जुन्या पत्त्यावर जातं.

पात्र कोण?

अमेरिकेचा नागरिक, वय १८ पूर्ण, त्या काउंटीचा रहिवासी आणि कामापुरतं इंग्रजी समजणारा. उच्चार मराठी वळणाचा असला तरी काही बिघडत नाही. कायद्याचं ज्ञान लागत नाही, ते न्यायाधीश समजावून सांगतात. गंभीर गुन्ह्यात शिक्षा भोगून बाहेर आलेल्यांनाही २०२० पासून संधी आहे. तुरुंगात, पॅरोलवर किंवा गंभीर गुन्ह्यासाठी प्रोबेशनवर असलेल्यांना मात्र नाही.

एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असाल, तरी लायसन्समुळे समन्स येऊ शकतं. घाबरू नका आणि फेकूनही देऊ नका. फॉर्मवर 'नागरिक नाही' हा पर्याय निवडून परत पाठवा. चुकूनही 'नागरिक' वर खूण करू नका, पुढे इमिग्रेशनमध्ये ती फार महागात पडते. भारताचं ओसीआय कार्ड असलं तरी तुम्ही अमेरिकन नागरिक असाल, तर जावं लागतं.

काय करायचं, काय न्यायचं?

समन्सवर ज्युरर क्रमांक आणि ग्रुप क्रमांक असतो. आधी प्रश्नावली ऑनलाइन, फोनवर किंवा टपालाने भरा. मग आदल्या संध्याकाळी आपला ग्रुप बोलावलाय का ते तपासा, कारण बऱ्याचदा जावंच लागत नाही. जाताना समन्स (त्यावरच बारकोडचा बॅज असतो) आणि फोटो ओळखपत्र न्या. पुस्तक आणि डबाही न्या, वाट पाहण्यात तास जातात.

राज्यात 'एक दिवस किंवा एक खटला' ही पद्धत आहे. पहिल्या दिवशी खटल्यासाठी निवड झाली नाही, तर निदान वर्षभर सुट्टी. अडचण असेल तर तारीख पुढे ढकलता येते, ते माफी मागण्यापेक्षा बरं. माफी मिळते ती खऱ्या अडचणींना: आजारपण, घरातल्या कुणाची देखभाल, प्रचंड आर्थिक ताण. फक्त वय झालं म्हणून सुटका नाही, पण ७० च्या पुढच्यांना तब्येतीच्या कारणासाठी डॉक्टरचं पत्र द्यावं लागत नाही. अजिबात उत्तर दिलं नाही तर दंड पहिल्यांदा २५० डॉलर आणि तिसऱ्यांदा १,५०० पर्यंत जाऊ शकतो.

पैशाचं उघड सांगतो. दुसऱ्या दिवसापासून दिवसाला १५ डॉलर. मालक कामावरून काढू शकत नाही, पण पगार देण्याचं बंधन त्याच्यावर नाही. तासावर काम करणाऱ्याला हे परवडत नाही, आणि प्रतिनिधित्वाची मोठी गळती इथेच होते. सॅन फ्रान्सिस्कोने २०२२ मध्ये कमी उत्पन्नाच्या ज्युररना दिवसाला १०० डॉलर देऊन पाहिले. मला तोच रस्ता योग्य वाटतो.

'आपलं इंग्रजी ऐकून वकील काढूनच टाकतील' ही भीती असेल तर एक लक्षात ठेवा. कारण न देता ज्युरर नाकारण्याच्या वकिलांच्या अधिकारावर २०२२ पासून फौजदारी खटल्यांत बंधनं आहेत. मातृभाषा इंग्रजी नसणं, दुसरी भाषा येणं, पोलिसांबद्दल अविश्वास व्यक्त करणं, ही कारणं कायदा मुळातच अग्राह्य मानतो. ती खरोखर योग्य आहेत, हे वकिलालाच सिद्ध करावं लागतं.

काकूंचा फॉर्म आम्ही दोघांनी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरला. दहा मिनिटं लागली.