दीर्घकालीन मूत्रपिंडविकार : रुग्णसेवा सुधारण्यासाठीचे संशोधन

मूत्रपिंडाच्या रचनेत किंवा कामात झालेला बिघाड तीन महिन्यांहून जास्त काळ टिकला, की त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. बोलण्यात तो ‘किडनीचा आजार’ असतो आणि बहुतेक घरांत त्याची पहिली ओळख ‘क्रिएटिनिन वाढलंय’ या वाक्याने होते. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन म्हणजे गाळण्या असतात. त्या हळूहळू बंद पडत जातात, उरलेल्या त्यांचेही काम ओढतात आणि अर्ध्याहून अधिक क्षमता जाईपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही. जगात सुमारे ८५ कोटी लोकांना मूत्रपिंडाचा कोणता ना कोणता विकार असावा असा अंदाज आहे. त्यांतले थोडेच डायलिसिसपर्यंत पोचतात. पुष्कळांना त्याआधीच हृदयविकार गाठतो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही या विकाराची मोठी कारणे आहेत.

या नोंदीत रोगाच्या वर्णनापेक्षा रुग्णाची काळजी कशी सुधारावी याच्या संशोधनाचा विचार केला आहे. हे संशोधन औषधांचे आहे तितकेच मोजमापांचेही आहे. काय मोजायचे हे बदलले, तेव्हा उपचारही बदलले.

क्रिएटिनिनच्या पलीकडे

क्रिएटिनिन स्नायूंतून येते, म्हणून एकच आकडा दोन माणसांत दोन गोष्टी सांगतो. १.२ हे क्रिएटिनिन पंचवीस वर्षांच्या पुरुषात साधारण ८६ एवढी गाळणक्षमता (मिनिटाला मिलिलिटर) दाखवते, तर सत्तर वर्षांच्या बाईत जेमतेम ४९. लॅबच्या कागदावर मात्र दोघांचाही आकडा ‘नॉर्मल’च्या आसपास दिसतो आणि आजी निर्धास्त घरी जातात. २००२ साली अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनने गाळणक्षमतेवर आधारलेले पाच टप्पे मांडले, त्यामुळे ही चूक निदान नजरेत येऊ लागली. क्षमता ६० च्या खाली गेली की तिसरा टप्पा, १५ च्या खाली गेली की पाचवा. २०१२ मध्ये ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने त्याला दुसरे माप जोडले : लघवीतून जाणारे अल्ब्युमिन हे प्रथिन. क्षमता चांगली असूनही लघवीतून प्रथिन जात असेल, तर पुढे काय वाढून ठेवले आहे ते या दुसऱ्या मापातून कळते. ही तपासणी स्वस्त आहे आणि तरीही सर्वांत जास्त चुकवली जाते ती हीच. मधुमेहाच्या रुग्णाची साखर दर महिन्याला बघितली जाते, पण लघवीतले अल्ब्युमिन कित्येकांचे कधीच तपासलेले नसते.

चेन्नईच्या किडनी हेल्प ट्रस्टने केलेले काम याच जागी आठवावे लागते. डॉ. एम. के. मणी यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात चेन्नईजवळच्या खेड्यांत, सुमारे २५ हजार वस्तीत, हा प्रयोग झाला. गावातल्याच मुलींना थोडे प्रशिक्षण दिले. त्या घरोघर जाऊन काही प्रश्न विचारीत, रक्तदाब मोजत आणि लघवीची तपासणी जागेवरच करीत : सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकले की प्रथिन असल्यास लघवी गढूळ होते, बेनेडिक्टच्या द्रावणात तापवली की साखर असल्यास रंग बदलतो. दोष आढळलेल्यांवर बाजारातल्या सर्वांत स्वस्त औषधांनी उपचार झाले : रेसर्पिन, हायड्रॅलझिन, थायाझाइड, मेटफॉर्मिन, ग्लिबेनक्लेमाइड. महानगरातल्या तज्ज्ञाला ही यादी जुनाट वाटेल. पण बहुतेकांचा रक्तदाब आणि पुष्कळांची साखर तिने आटोक्यात आली, आणि खर्च माणशी वर्षाला काही रुपयांच्या घरात राहिला. गरीब देशात प्रतिबंध परवडत नाही या समजुतीला इतके साधे उत्तर दुसरे क्वचितच मिळाले असेल.

सफरचंदाच्या सालीपासून

विकाराची गती कमी करणाऱ्या औषधांचा पहिला भक्कम पुरावा १९९३ मध्ये आला. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचे औषध मूत्रपिंडाला रक्तदाब उतरवण्यापलीकडचे संरक्षण देते, हे त्या चाचणीत दिसले. २००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टन यांनी दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातही तेच दाखवले. त्यानंतर जवळपास दोन दशके हाती ठोस काही लागले नाही.

कोंडी फुटली ती अनपेक्षित बाजूने. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे द्रव्य वेगळे काढले गेले होते. ते दिल्यावर लघवीतून साखर जाते, हे एकोणिसाव्या शतकातच माहीत होते. त्याच धाग्यावर घडवलेली ‘ग्लिफ्लोझिन’ गटाची औषधे आधी फक्त मधुमेहासाठी आली. कॅनाग्लिफ्लोझिन (२०१९), डापाग्लिफ्लोझिन (२०२०) आणि एम्पाग्लिफ्लोझिन (२०२२) यांच्या मोठ्या चाचण्यांत मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका लक्षणीय घटला. डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत ४,३०४ रुग्ण होते, त्यांतल्या सुमारे एक तृतीयांशांना मधुमेह नव्हता, आणि फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्याआधीच थांबवली. पुढे फिनेरेनोन (२०२०) आणि सेमाग्लुटाइड (२०२४) यांचीही मधुमेही रुग्णांत भर पडली. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये संपले, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत झपाट्याने उतरली. २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचेही तसेच झाले. इथल्या रुग्णाच्या दृष्टीने पेटंट संपल्याची तारीख चाचणीच्या निकालाइतकीच महत्त्वाची ठरली.

एक अडचण मात्र कागदावर दिसत नाही. ही औषधे सुरू केली की पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन किंचित वाढते. गाळण्यांवरचा दाब उतरल्याची ती खूण असते आणि मर्यादेत असेल तर चिंता नसते. पण रिपोर्ट हातात घेतलेल्या मुलाला बापाचा आकडा वर गेलेला दिसतो, आणि गोळी बंद होते. ही वाढ आधीच समजावून सांगणे हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

‘जास्त’ म्हणजे ‘चांगले’ नव्हे

या क्षेत्रातल्या काही मोलाच्या चाचण्या अपेक्षाभंगाच्या आहेत. मूत्रपिंड बिघडले की एरिथ्रोपोइटिन हे संप्रेरक कमी पडते आणि पंडुरोग, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता, होतो. १९८९ पासून ते इंजेक्शनने देता येऊ लागले. मग हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतके का करू नये, असे सर्वांनाच वाटले. २००६ आणि २००९ च्या चाचण्यांत उच्च लक्ष्य ठेवलेल्या गटांना तोटा झाला. दुसऱ्या चाचणीत तर पक्षाघाताचे प्रमाण जवळपास दुप्पट निघाले. २००२ च्या ‘हेमो’ चाचणीत डायलिसिसची मात्रा वाढवूनही आयुष्य वाढले नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ८२८ रुग्णांच्या ‘आयडियल’ अभ्यासाने डायलिसिस लवकर सुरू करण्याचा आग्रहही मोडीत काढला. क्षमता १० ते १४ असताना सुरू केलेल्यांचा आणि लक्षणे दिसेपर्यंत किंवा क्षमता ५ ते ७ पर्यंत उतरेपर्यंत थांबलेल्यांचा मृत्युदर जवळजवळ सारखा निघाला. थांबलेल्यांना काही महिने यंत्राविना मिळाले. तरीही ‘क्रिएटिनिन आठ झालं, आता डायलिसिस’ असा केवळ आकड्यावरचा निर्णय अजून ऐकू येतो.

यंत्रावरचा माणूस

डायलिसिसचे यंत्र नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, युद्धाच्या टंचाईत, सॉसेजचे सेलोफेन वेष्टण वापरून बनवले. रक्तवाहिनीत पुन्हा पुन्हा शिरण्याचा मार्ग १९६० मध्ये सिअॅटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांच्या टेफ्लॉनच्या नळीमुळे मिळाला आणि उपचार वर्षानुवर्षे चालू ठेवता येऊ लागले. यंत्रे थोडी आणि रुग्ण फार, तेव्हा तिथे कोणाला यंत्र द्यायचे हे निवडायला सामान्य नागरिकांची समिती बसत असे. १९६६ मध्ये हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला आला. आजही तोच सर्वोत्तम मार्ग मानतात. म्हणून विकार वाढत चाललेल्या रुग्णाने, ज्या हाताने तो कमी काम करतो त्या हातातून शक्यतो रक्त काढू देऊ नये, सलाइनही लावून घेऊ नये. वॉर्डात घाईत ही सूचना हमखास विसरली जाते आणि मग फिस्टुला करायला शीर सापडत नाही.

इतकी दशके संशोधक मृत्युदर, रुग्णालयातले दिवस आणि रक्तातले आकडे मोजत राहिले. रुग्णाला काय महत्त्वाचे वाटते हे पद्धतशीर विचारले गेले ते ‘साँग’ या ऑस्ट्रेलियातून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात. ७० हून अधिक देशांतल्या हजारावर रुग्णांनी, नातेवाइकांनी आणि डॉक्टरांनी परिणामांना क्रम दिले. डॉक्टरांनी मृत्यू आणि रुग्णालयात दाखल होणे वर ठेवले. रुग्णांनी प्रवास करता येणे, डायलिसिसविना मिळणारा वेळ आणि डायलिसिसनंतरचा गळाठा यांना डॉक्टरांपेक्षा जास्त महत्त्व दिले. अखेर थकवा हा रक्तवाहिनीचा मार्ग, हृदयविकार आणि मृत्यू यांच्या पंक्तीत बसला. चार तास खुर्चीत काढून घरी आलेला माणूस जेवण न करता झोपून जातो, हे ज्याच्या घरात घडते त्याला या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

आहारावरचे संशोधनही असेच स्वयंपाकघरापर्यंत आणावे लागते. पोटॅशियम जास्त असेल तर पालेभाजी, बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचे. शहाळ्याचे पाणी बंद. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ बहुधा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. निरोगी माणसाला ते हितकर, पण विकार वाढलेल्याला घातक ठरू शकते. गुडघेदुखीसाठी दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचे नुकसान तर सांगावे तितके थोडेच.

कारण न सापडलेला विकार

मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी शेतकरी-मजुरांची मूत्रपिंडे निकामी होतात, असे पट्टे जगात ठिकठिकाणी आहेत : निकाराग्वा आणि एल साल्वाडोरची ऊसशेती, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्याचा उद्दानम हा नारळ-काजूचा भाग. पाणी, कीटकनाशके, उष्णता, जनुके असे अनेक संशयित आहेत. निकाराग्वात ऊस तोडणाऱ्यांना सावली, पाणी आणि ठरलेली विश्रांती देऊन मूत्रपिंडाची इजा घटवता आली, म्हणजे कारण पूर्ण उलगडण्याआधीही काळजी सुधारता येते. महाराष्ट्रातली ऊसतोड बरीचशी थंडीत चालते, म्हणून तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात लोक खाऱ्या पाण्याकडे बोट दाखवतात. त्यांच्या तक्रारीला दीर्घ मुदतीच्या, गाववार अभ्यासानेच उत्तर देता येईल.

कोणाला, किती आणि कुठे

अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांत राहणाऱ्या ३,७०२ वृद्धांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अस्वस्थ करणारा आहे. डायलिसिस सुरू केल्यावर वर्षभरात ५८ टक्के वारले आणि जेमतेम १३ टक्क्यांची पूर्वीची हालचाल टिकली. तेव्हापासून अतिवृद्ध, अनेक व्याधींच्या रुग्णाला डायलिसिसविना, लक्षणे आवरणारी शुश्रूषा हाही मानाचा पर्याय म्हणून अभ्यासला जातो. आपल्याकडे हा पर्याय घरच्यांसमोर मांडणे अवघड जाते, कारण ‘डायलिसिस नको’ याचा अर्थ ‘काही करू नका’ असाच घेतला जातो.

भारतात १९९४ च्या कायद्याने अवयव प्रत्यारोपणाला चौकट मिळाली. २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत केंद्रे उघडू लागली. पुढे घरी करता येणाऱ्या पोटाच्या डायलिसिसचाही त्यात समावेश झाला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च भागतो. एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजंदारी मात्र घरच्यांनाच सोसावी लागते. म्हणून पुष्कळ जण आठवड्यातून तीनदा न येता दोनदाच येतात. गंमत अशी, की पाश्चात्त्य देशांत याच ‘दोनदा’वर आता गंभीर संशोधन चालू आहे : ज्या रुग्णाला अजून पुरेशी लघवी होते, त्याची सुरुवात कमी फेऱ्यांनी करावी आणि उरलेली क्षमता घटेल तसे डायलिसिस वाढवावे. फरक एवढाच, की तिथे आधी चोवीस तासांची लघवी डब्यात साठवून क्षमता मोजतात आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा मोजतात. इथे दोनदा येणाऱ्याला तो डबा बहुधा कोणी दिलेलाच नसतो.