परसातील अंड्यांची साठवण

परसात, वाडीत किंवा गच्चीवर पाळलेल्या कोंबड्यांची अंडी घातल्यापासून खाईपर्यंत चांगली राखण्याची रीत. पुणे परिसरात गावरान कोंबड्यांबरोबर वनराजा, गिरिराज, ग्रामप्रिया अशा सुधारित कोंबड्याही परसात पाळल्या जातात. त्यांचे अंडे खुराड्यातून थेट स्वयंपाकघरात येते, त्यामुळे निवड आणि तपासणी घरच्यांनीच करायची असते.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. अंडे बाहेर पडताना त्यावर ओलसर, चिकट थर असतो. तो काही मिनिटांत वाळतो आणि छिद्रांची तोंडे झाकतो. साठवणुकीची सारी मदार या साईसारख्या पातळ थरावर आहे. कोंबडीच्या अंगाचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. घातलेले अंडे थंड होताना आतला भाग आकसतो आणि बोथट टोकाला हवेची पोकळी तयार होते. त्याच वेळी अंडे ओल्या विष्ठेत पडलेले असेल, तर घाणीतले जंतू हवेबरोबर आत ओढले जातात. म्हणून स्वच्छतेची सुरुवात खुराड्यातच करावी. चार-पाच कोंबड्यांमागे सुमारे ३० सेंमी लांब-रुंद असा एक खोका, त्यात भाताचे तूस किंवा कोरडा पेंढा ५ ते ७ सेंमी जाड, आणि ओले झाले की लगेच बदल. बहुतेक अंडी सकाळपासून दुपारपर्यंत येतात. ती दिवसातून दोनदा उचलावीत, उन्हाळ्यात तीनदा. उशीर झाला की अंडी तुडवली जातात, फुटतात, आणि फुटलेले अंडे खाण्याची चटक कोंबड्यांना एकदा लागली की ती मोडणे फार अवघड जाते.

अंडी सरसकट धुऊ नयेत. किरकोळ डाग कोरड्या खरखरीत कापडाने हलके पुसावा. फार मळलेले अंडे धुवायचेच असेल तर पाणी अंड्यापेक्षा स्पष्ट गरम, म्हणजे हाताला सोसवेल इतके, असावे. थंड पाण्यात आतला भाग आकसून मळके पाणी छिद्रांतून आत शिरते. अंडे भिजत ठेवू नये. वाहत्या पाण्यात धुऊन लगेच कोरडे करावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि आधी वापरावे. तडकलेले अंडे साठवू नये. ते त्याच दिवशी पूर्ण शिजवून संपवावे. आतले पापुद्रे फाटून गळत असेल तर टाकून द्यावे.

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८-४० अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडी असते. त्यामुळे अंड्यातले पाणी झपाट्याने उडते, पांढरा बलक पातळ होतो. या दिवसांत फ्रिजबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. थंडीत न धुतलेले अंडे सावलीत, वाऱ्याच्या जागी आठ-दहा दिवस चांगले राहते. पावसाळ्यातली अडचण वेगळी आहे. दमट हवेत पुठ्ठ्याचे ट्रे ओल धरतात, बुरशी येते. त्या चार महिन्यांत प्लास्टिकचे धुता येणारे ट्रे वापरावेत.

कळपात कोंबडा असेल तर फलित अंड्याचा प्रश्न येतो. साधारण २१ अंशांच्या वर गर्भाची वाढ हळूहळू सुरू होऊ शकते. खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली किंवा वैशाखाच्या उन्हात ती वेग घेते आणि दोन-तीन दिवसांत रक्ताच्या शिरा दिसू लागतात. खाण्यासाठीच अंडी हवी असतील तर कोंबडा वेगळा ठेवावा, नाहीतर अंडी रोजच्या रोज थंड जागी न्यावीत.

फ्रिजमध्ये सुमारे ४ अंशांवर न धुतलेली अंडी चार-पाच आठवडे टिकतात. टोकदार बाजू खाली ठेवावी, म्हणजे पोकळी वर राहते आणि पिवळा बलक मध्यावर. दाराच्या कप्प्यात ठेवू नयेत. दार उघडताना तिथले तापमान सारखे बदलते. कांदा, बोंबील, सुकट यांचा वास अंडी पटकन धरतात, म्हणून झाकणाचा डबा बरा. एकदा गार केलेले अंडे बाहेर ठेवले की त्यावर घाम येतो आणि त्या ओलीतून जंतू आत जाऊ शकतात. थंड केलेले अंडे थंडच राहावे. ट्रेवर पेन्सिलीने तारीख लिहावी आणि जुने आधी काढावे.

फ्रिज नसेल तिथे चुन्याच्या निवळीचा उपाय आहे. १ किलो कळीच्या चुन्यावर १ लिटर उकळते पाणी हळूहळू ओतून तो विरवावा. चुना उसळतो, डोळे व हात सांभाळावेत आणि ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. गार झाल्यावर ५ लिटर पाणी व २५० ग्रॅम मीठ मिसळून, गाळ बसू देऊन, वरची निवळी कापडातून गाळावी. ताजी, स्वच्छ, अखंड अंडी तिच्यात १४ ते १६ तास बुडवून सावलीत वाळवावीत. छिद्रांत कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो आणि अंडी तीन-चार आठवडे टिकतात. उकडण्यापूर्वी मात्र बोथट टोकाला सुईने छिद्र करावे, नाहीतर बुजलेल्या छिद्रांमुळे हवा अडकून कवच फुटते.

पाण्यातल्या परीक्षेत ताजे अंडे तळाशी आडवे बसते, जुने उभे राहते, फार जुने तरंगते. ही परीक्षा वय सांगते, जंतू नाही. साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असलेले अंडेही तळाशीच बसते. म्हणून तालमीत दुधातून कच्चे अंडे पिण्याची सवय सोडावी आणि लहान मुले, गर्भवती, वृद्ध यांना पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवूनच द्यावे. उकडलेले अंडे दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावे. कोंबड्यांना औषध दिले असेल तर पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंतची अंडी खाऊही नयेत, विकूही नयेत.