फायरवॉलमधून फिक्स आयपी देणे

ऑफिस, दुकान किंवा मिलच्या नेटवर्कमधल्या एखाद्या मशिनला दरवेळी तोच आयपी (नेटवर्कमधला त्याचा पत्ता, म्हणजे एक नंबर) मिळावा म्हणून फायरवॉलच्या (इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्यामधला पहारेकरी) डीएचसीपी सर्व्हरमध्ये, म्हणजे मशिनांना आपोआप आयपी वाटणाऱ्या सोयीत, त्या मशिनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर) आणि आयपी यांची जोडी पक्की करून ठेवतात, याला डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात आणि पीएफसेन्स या फायरवॉलमध्ये हेच स्टॅटिक मॅपिंग या नावाने सापडतं. बोलताना सगळे "फिक्स आयपी" म्हणतात, पण इंटरनेटवाला वेगळे पैसे घेऊन देतो तो स्टॅटिक आयपी वेगळा. हा १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा, आतल्या आत चालणारा नंबर, या खासगी रेंज १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्रात ठरल्यात.

एरवी डीएचसीपी (आरएफसी २१३१, १९९७) आयपी देतो तो ठरावीक मुदतीच्या लीजवर, आणि साधारण अर्धी मुदत झाली की मशिन स्वतःच ती वाढवून मागतं, त्यामुळे सगळं चालू असेपर्यंत नंबर सहसा बदलत नाही. गडबड होते लाईट गेल्यावर. जळगावच्या एमआयडीसीतली एखादी दालमिल घ्या, भर मे महिन्यात दुपारी लाईट गेली नि आली की कॅमेऱ्याचा डीव्हीआर, पंचिंग मशिन, प्रिंटर, भुईकाट्याचा कॉम्प्युटर सगळे एकदम उठतात, साध्या राउटरला जुन्या लीज बऱ्याचदा आठवतच नाहीत, मग .१२ वर (आयपीचा शेवटचा आकडा) असलेला प्रिंटर .१७ वर जातो आणि काट्याची पावती .१२ कडेच जात राहते. लोक म्हणतात प्रिंटर बिघडला.

काहीजण मशिनमध्येच हाताने आयपी टाकतात. चालतं, पण ते एसटीत खिडकीतून रुमाल टाकल्यासारखं, कंडक्टरकडे नोंद नाही; तो नंबर पूलमधला (आपोआप वाटायला ठेवलेल्या नंबरांमधला) असेल तर फायरवॉल कधीतरी दुसऱ्याच कुणाला देऊन बसतो आणि दोघंही अडकतात. म्हणून नोंद फायरवॉलमध्येच केलेली बरी.

करायचं असं: लीजच्या यादीत मशिन शोधायचं, मॅक कॉपी करायचा (अंक-अक्षरांच्या सहा जोड्या, पहिल्या तीन बहुतेक वेळा कंपनीच्या), नंबर द्यायचा आणि मशिनची केबल काढून परत लावायची. पीएफसेन्सला हा नंबर पूलच्या बाहेरचा लागतो, म्हणजे पूल .१०० ते .२०० असेल तर प्रिंटरला .२० वगैरे. मिक्रोटिकच्या राउटरमध्ये चालू लीजवर "मेक स्टॅटिक" दाबलं की काम झालं. लॅपटॉपच्या वायफायचा आणि केबलचा मॅक वेगळा असतो हे लक्षात ठेवावं, आणि अँड्रॉइड १० व आयओएस १४ पासून फोन खरा मॅक लपवून बनावट दाखवतात, तिथे आधी त्या वायफायपुरती ती सेटिंग बंद करावी लागते.

नंबर पक्का झाला की खरा फायदा फायरवॉलच्या रूलमध्ये दिसतो, डीव्हीआरला बाहेरून फक्त व्हीपीएननेच (बाहेरून आत यायची सुरक्षित वाट) बघता यावं, प्रिंटरला इंटरनेट नकोच, असं नंबरावर बांधता येतं. पण याला कुलूप समजू नये, मॅकची नक्कल करणं अगदी सोपं आहे.