रुग्णाशी बोलायला शिकणारे डॉक्टर

अंग दुखतं, झोप लागत नाही, छातीत धडधडतं. अशा तक्रारी घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या माणसाला बहुतेक वेळा रक्ताची तपासणी आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळतात. मुळाशी नैराश्य असेल तर ते सापडतंच असं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. तेवढे मानसोपचारतज्ज्ञ देशात नाहीत. म्हणून गावात जो डॉक्टर आहे त्यालाच शिकवायचं, आणि ओपीडी बंद ठेवून त्याला महिनाभर शहरात बोलावता येत नाही म्हणून ऑनलाइन शिकवायचं.

ऑनलाइन म्हणजे व्हिडिओ, प्रश्नमंजूषा आणि शेवटी प्रमाणपत्र, अशी आपली समजूत. लक्षणं कोणती, औषध किती द्यायचं, हे त्यातून नीट कळतं. घोडं पुढे अडतं. बोलून करायचे उपचार हे हाताला बसवायचं काम आहे, आणि आपण रुग्णाशी कसे बोलतो ते आपल्याला स्वतःला ऐकू येत नाही. शिवाय सल्ला देणं डॉक्टरच्या अंगात मुरलेलं असतं. ‘टेन्शन घेऊ नका’, ‘दारू सोडा, नाहीतर लिव्हर जाईल’. हे ऐकून दारू सुटली असती तर आणखी काय हवं होतं?

अमेरिकेत विल्यम मिलर यांनी व्यसनी रुग्णाला उपदेश न करता त्याच्याच तोंडून बदलाची भाषा निघेल असं बोलण्याची पद्धत मांडली. ती शिकवायची कशी, हे मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या १४० जणांवर तपासलं. काहींनी पुस्तिका आणि व्हिडिओ पाहून स्वतःच अभ्यास केला, काहींची कार्यशाळा झाली. उरलेल्यांना कार्यशाळेनंतर त्यांच्या संभाषणाच्या टेप ऐकून अभिप्राय मिळाला, फोनवरून मार्गदर्शन मिळालं, किंवा दोन्ही मिळालं. नुसत्या कार्यशाळेत शिकलेलं पुढच्या महिन्यांत ओसरत गेलं. अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांचं टिकलं. यातलं मार्गदर्शन फोनवर झालं होतं, म्हणजे गुरू समोर बसलेला असायलाच हवा असं नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने हे अंतर आणखी कमी केलं. आधी त्यांनी डॉ. संजीव अरोरा यांचं प्रारूप घेतलं. अरोरांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत हेपॅटायटिस सी साठी ते सुरू केलं होतं: खेड्यातले डॉक्टर व्हिडिओ बैठकीत आपापल्या केसेस मांडतात आणि तज्ज्ञांबरोबर त्यांचा कीस पाडतात. पण मांडलेली केस म्हणजे डॉक्टरने सांगितलेली गोष्ट. प्रत्यक्ष बोलणं त्यात दिसत नाही. म्हणून कर्नाटकात निम्हान्सचे तज्ज्ञ व्हिडिओवरून थेट प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीतच बसू लागले. समोर खरा रुग्ण, तपासणारा तिथलाच डॉक्टर, आणि चुकलं तर सांगणारं माणूस पडद्यावर. मला विचाराल तर दहा व्हिडिओंपेक्षा अशी एक सकाळ मोलाची.

टेप ऐकायला दर वेळी तज्ज्ञच लागतो असंही नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेच्या प्रकल्पात समुपदेशकांनी एकमेकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून गुण दिले, तेव्हा ते तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. त्यांचे नैराश्यावरचे उपचार अगदी साधे होते: रुग्णाने सोडून दिलेली कामं, भेटीगाठी, फिरणं हळूहळू पुन्हा सुरू करायला लावायचं. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवरच्या चाचणीत (२०१७) तीन महिन्यांनी हे उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून सावरले होते, नेहमीच्या उपचारांवरचे ३९ टक्के.

मात्र हे उपचार देणारे डॉक्टर नव्हते, आणि प्रत्येक रुग्णाला सहा ते आठ बैठका लागत, एकेक अर्ध्या तासाहून मोठी. पन्नास रुग्णांची रांग लागलेल्या मेडिकल ऑफिसरला हे जमणार नाही. त्याच्या अभ्यासक्रमात पूर्ण थेरपी कोंबण्यापेक्षा पहिली पाच मिनिटं शिकवावीत: मनाचं दुखणं ओळखणं, आत्महत्येचे विचार येतात का हे न कचरता विचारणं, गरज असेल तिथे औषध, आणि पुढच्या बैठकांसाठी समुपदेशकाकडे पाठवणं. समुपदेशक जवळ नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तरी चिठ्ठीवर लिहून देता येतो.