खाऊन घेतलेली डोकेदुखीची गोळी बाधत नाही?

वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: पोटात काही असलं की डोकेदुखीची मिश्र (एकात अनेक औषधं असलेली) गोळी कितीही वेळा घ्या, बाधत नाही.

यातला थोडा भाग खरा आहे. जेवणानंतर काही वेदनाशामकं पोटाला कमी त्रास देतात. पण धोका फक्त पोटाला नसतो. अर्धशिशीच्या एका जुन्या मिश्र गोळीत अर्गोटामाइन, कॅफीन आणि पॅरासिटामॉल असतं. अर्गोटामाइन रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गरोदरपणात ते वर्ज्य. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकसोबत तर हातापायांचा रक्तपुरवठाच धोक्यात येऊ शकतो. पॅरासिटामॉलचा अतिरेक यकृताला बाधतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, आणि हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आणखी एक: अशा गोळ्या महिन्यात 10 किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर गोळीमुळेच डोकं दुखू लागू शकतं. मग माणूस अजून एक घेतो.

पडताळणी घरीच होते. पाकिटावरचे घटक वाचा, दुसऱ्या औषधांशी ताडून पाहा. कॅलेंडरवर गोळीच्या दिवसांवर खूण करा आणि ते पान डॉक्टरांना दाखवा. रोजची गोळी मनानेच एकदम बंद करू नका. डोकं अचानक असह्य दुखलं किंवा सोबत ताप, मान आखडणं, हातापायात अशक्तपणा असेल, तर थेट रुग्णालय गाठा.